सरड्यांची रात्रपाळी

मी नोकरीची सगळी वर्षं सरडे घाबरवण्यात घालवली आणि त्याबद्दल सरकार मला दरमहा पेन्शन देतं. नाशिकच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवत होते आणि शिकवून उरलेल्या वेळात सरड्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक मोजत होते. या अंकाच्या संपादकांनी फोनवर विचारलं, "तुमच्या क्षेत्रातले काही थरारक अनुभव असतील ना?" मी म्हटलं, थरार सगळा सरड्यांच्या वाट्याला आला, माझ्या वाट्याला अहवाल आले. ते म्हणाले, तरी लिहा. माझ्या मुलीनं आजवर माझा व्यवसाय कुणालाही एका वाक्यात सांगितलेला नाही, ती नुसतं "आई कॉलेजात होती" म्हणते. तेव्हा निदान तिच्यासाठी लिहिते.

आधी धंदा समजावून सांगते. माणसाच्या, सरड्याच्या, झाडून सगळ्या पाठकण्याच्या प्राण्यांच्या पोटात मूत्रपिंडांजवळ ग्रंथींची एक छोटी जोडी असते. तिच्यातून रक्तात एक रसायन सुटतं. माणसात त्याला कॉर्टिसॉल म्हणतात, सरड्यात त्याचं चुलत भावंड असतं, कॉर्टिकोस्टेरॉन. 'ताणाचं संप्रेरक' हे त्याचं लोकांनी पाडलेलं नाव, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. कुत्रा मागे लागला की ते उसळतं, हे खरं. पण रोज सकाळी उठून कामाला लागायचं बळही तेच देतं. आपल्याकडच्या बागा-शेतांतल्या सरड्यांमध्ये ते सकाळी, ऊन अंगावर घ्यायला बाहेर पडण्याच्या सुमाराला चढायचं आणि संध्याकाळी उतरायचं. हा चढउतार रोज होत राहिला की प्राणी धड असतो. तो मोडला की प्राणी दिसायला तसाच राहतो, पण आतून झिजायला लागतो.

हे मोजण्यात एक अडचण आहे. सरडा धरला की घाबरतो, आणि घाबरला की नेमकं तेच रसायन वाढतं, जे मोजण्यासाठी आपण त्याला धरलेलं असतं. म्हणून धरल्यापासून दोन-तीन मिनिटांत त्याच्या रक्ताचा थेंब काढावा लागतो. त्याहून उशीर झाला तर आपण आपलाच पराक्रम मोजत बसतो. या कारणासाठी मी मखमलाबादच्या बाजूला झेंडूच्या शेतात, साडीचा पदर खोचून, बांबूच्या टोकाला नायलॉनचा फास लावून उभी राहायचे. नाशिक जिल्ह्यात उच्चशिक्षित स्त्रियांसाठी त्या काळी किती वाटा खुल्या झाल्या होत्या, याचा हा एक पुरावा.

शेत ठकूबाई विधात्यांचं होतं. त्यांच्या घरची फुलं आणि भाजी पिढ्यान्‌पिढ्या नाशिकच्या बाजारात जात आली. बांधावर बसून झेंडू टोपलीत भरता भरता त्या माझ्याकडे बघायच्या. पहिल्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी राहवलं नाही.

"बाई, एवढं शिकून हेच करायचं होतं का तुमाला?"

"संशोधन आहे ठकूबाई. सरड्यांना कधी, किती ताण येतो ते बघतेय."

"सरड्याला कसला आलाय ताण? त्याला काय पोरगी उजवायची हाय?"

"मी धरल्यावर येतो."

"मंग नका ना धरू," त्या म्हणाल्या आणि टोपली उचलून गेल्या. पण शेतात यायला त्यांनी कधी मना केलं नाही. सरडे कीड खातात, एवढा एकच उपयोग त्यांना मान्य होता, आणि रक्त काढून झाल्यावर मी प्रत्येक सरडा होता तिथेच सोडते ना, यावर त्यांची नजर असायची.

नाशिकमध्ये हे रसायन मोजायची सोय नव्हती. मी नमुने बर्फाच्या थर्मासमध्ये घालून नाशिक रोडहून सकाळच्या गाडीनं मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नेत असे. एकदा शेजारच्या गृहस्थांनी आपुलकीनं विचारलं, "ताई, चहा आहे का? कप आहेत माझ्याकडे." मी खरं ते सांगितलं. इगतपुरी येईपर्यंत ते दारात उभे होते. मला खिडकी मिळाली. संशोधनाचा प्रत्यक्ष लाभ म्हणतात तो मला एवढाच झाला.

असं सगळं सुखात चाललेलं असताना, नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा, एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर विभागात आला. त्याला विज्ञान दिनासाठी काहीतरी हवं होतं. तासभर मी त्याला सरडे दाखवले. बातमी आली, 'ताण मोजणाऱ्या प्राध्यापिका'. सरडा हा शब्द त्यात पाचव्या परिच्छेदात होता. तिथवर कुणी वाचक पोचत नाही, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून नाशिक रोडचं एक जोडपं आलं. बरोबर दहावीतला मुलगा. वडील म्हणाले, "मॅडम, याचा ताण किती आहे तेवढा मोजून द्या. जास्त असला तर एक क्लास कमी करू. कमी असला तर अजून एक लावू." मुलगा माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होता, ते डोळे माझ्या परिचयाचे होते. मी फासातून काढते तेव्हा सरडे असेच बघतात. मी सांगितलं, ताण भरपूर आहे, डोळ्यांवरून कळतं, क्लास कमी करा. आयुष्यात पुराव्याशिवाय काढलेला हा माझा एकमेव निष्कर्ष, आणि त्याची मला खंत नाही.

मग एक निवृत्त अधिकारी आले. त्यांना स्वतःचा ताण मोजायचा नव्हता, पत्नीचा मोजून हवा होता, लेखी. मी म्हटलं, मी फक्त सरड्यांचं करते. ते म्हणाले, "चालेल ना, तत्त्व तेच."

आणि मग सहस्रबुद्धे आले. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत पत्रे दाबून मोटारींचे भाग बनवणारा एक कारखाना होता, त्याचे हे पर्सोनेल मॅनेजर. त्यांना सुरक्षा सप्ताहात भाषण हवं होतं, विषय 'तणावमुक्त कामगार, भरघोस उत्पादन'.

"अहो, पण मला कामगारांमधलं काही कळत नाही. मी सरड्यांवर काम करते."

"काही हरकत नाही मॅडम. गेल्या वर्षी आमच्याकडे हास्ययोगवाले होते."

भाषण कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झालं. पहिल्या पाळीच्या लोकांना सुटल्यावर थांबवून ठेवलं होतं आणि रात्रपाळीच्या लोकांना झोपेतून उठवून बोलावलं होतं. तणावमुक्तीची सुरुवात चांगली झाली होती. मी पडद्यावर सरड्यांचे फोटो दाखवले, सकाळचा चढ, संध्याकाळचा उतार समजावून सांगितला. माणसाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. समोर निम्म्या माना पडलेल्या होत्या. शेवटी सहस्रबुद्ध्यांनी "काही शंका?" असं विचारलं, म्हणजे आभारप्रदर्शनाला उठले.

मागच्या बाकावरून एकजण उभा राहिला. पस्तिशीचा, सडपातळ, डोळे लाल. नाव सांगितलं, दिलीप बागूल, प्रेस शॉप. मूळचा कळवणकडचा.

"मॅडम, आमची पाळी दर हप्त्याला बदलती. एक हप्ता सकाळ, एक हप्ता दुपार, एक हप्ता रात. तशी ह्या सरड्याची बदलली तर त्याचं काय व्हईल?"

कॅन्टीन हसलं. तो हसला नाही.

"प्रश्न विषयाला धरून विचारा," सहस्रबुद्धे म्हणाले.

"विषयाला धरूनच आहे," मी म्हटलं. "पण उत्तर मला माहीत नाही."

त्यानं मान हलवली आणि तो खाली बसला. मला नारळ, शाल आणि कारखान्याचं नाव असलेलं भिंतीवरचं घड्याळ देण्यात आलं.

प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी सरड्यांचा दिवस मोजत होते. तो दिवसच कुणी सारखा हलवत राहिलं तर काय होतं, हे बघायचं मला सुचलं नव्हतं, कारण मी स्वतः सकाळी उठून रात्री झोपत होते.

मी प्रयोग आखला. काचेच्या पेट्या, प्रत्येकीत एक सरडा, वर दिवे, दिव्यांना टायमर. फांदीखाली छोटा स्विच, म्हणजे सरडा हलला की कागदावर ठिपका उमटेल. निम्म्या सरड्यांचा दिवस ठरलेल्या वेळी उजाडणार आणि मावळणार. उरलेल्यांचा दर आठवड्याला पुढे सरकणार, कारखान्यात सरकतो तसाच.

पण तोवर प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नियम आले होते आणि महाविद्यालयात एक समिती स्थापन झाली होती. समितीत एक पशुवैद्य, एक प्राणिमित्र बाई, प्राचार्य आणि दोन सहकारी होते. प्राणिमित्र बाईंनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"तुम्ही दर आठवड्याला त्यांच्या दिवसाची रात्र करणार?"

"हो."

"आणि त्यांनी झोपायचं कधी?"

"तेच बघायचं आहे."

"पण हे क्रूर आहे," त्या म्हणाल्या, आणि पशुवैद्यांनीही मान डोलावली.

शेवटी परवानगी मिळाली, पण अटींवर. पाळी बदलण्याच्या फेऱ्या मोजक्याच, त्यानंतर सर्व सरड्यांना नैसर्गिक दिवस. आठवड्याला वजन. ज्याचं वजन ठरावीक मर्यादेखाली जाईल, त्याला लगेच प्रयोगातून काढून धरलं तिथे सोडायचं. मी सही केली. अटी मला रास्त वाटल्या, आजही वाटतात.

प्रयोगात खरी ढवळाढवळ केली ती भारनियमनानं. मी सरड्यांना सकाळ द्यायला जावं आणि नेमके दिवे जावेत. शेवटी प्राचार्यांच्या खोलीतला इन्व्हर्टर मी मागून घेतला. त्या उन्हाळ्यात प्राचार्य पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले असत आणि पलीकडच्या खोलीत सरड्यांकडे लख्ख उजेड असे. त्यांनी हे नंतर माझ्या गोपनीय अहवालात अप्रत्यक्षपणे नमूद केलं.

निष्कर्ष साधे होते. पाळी बदलली की सुरुवातीला सरडे लख्ख दिव्याखाली डोळे मिटून बसायचे आणि अंधार झाला की काचेवर धडका द्यायचे. हळूहळू त्यांचं हिंडणं-फिरणं नव्या वेळेला यायचं, पण रक्त मागेच राहायचं. शरीर उठलेलं आणि आतली सकाळ अजून झालेली नाही, असं. ते दोन्ही जेमतेम जुळायला यावं, तोवर मी पुन्हा वेळ बदलायचे. काही फेऱ्यांनंतर त्यांच्या रक्तात सकाळही राहिली नाही आणि संध्याकाळही. सगळा वेळ एकच पातळी. खाणं कमी झालं. काहींचं वजन मर्यादेखाली गेलं, त्यांना मी अटीप्रमाणे ठकूबाईंच्या शेतात सोडून आले. ठकूबाई त्यांना न्याहाळून म्हणाल्या, "काय केलं ह्यांना? सासुरवासाला धाडलं होतं का?"

निबंध एका नियतकालिकात छापून आला. तो परीक्षकांनी वाचला, आणि माझ्या नवऱ्यानं वाचला, तोही स्वल्पविराम तपासण्यासाठी. मी त्याची एक प्रत कारखान्याच्या पत्त्यावर दिलीप बागूलांना पाठवली. त्यांचा प्रश्न होता, उत्तर त्यांना कळवणं भाग होतं.

बऱ्याच महिन्यांनी विभागाच्या दारात दोघेजण उभे राहिले. एक दिलीप. दुसरे पगारे, त्यांच्या युनियनचे सेक्रेटरी, हातात माझ्या निबंधाची झेरॉक्स.

दिलीप निलंबित झाला होता. रात्रपाळीत सुपरवायझरला तो प्रेसशेजारी बसून झोपलेला सापडला. आरोप 'कामावर असताना झोपणे व उत्पादनात खंड पाडणे'. खात्याअंतर्गत चौकशी लागली होती आणि ती नोकरीवरून काढण्यासाठीच लागली आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"झोपला होतात?" मी विचारलं.

"झोपलो होतो मॅडम. खोटं कशाला बोलू. डोळे मिटायला लागले म्हणून आधी मशीन बंद केली, मंग बसलो. चालू ठेवून डुलकी लागली असती तर हात गेला असता. पन मंग नोकरी राहिली असती. अपघाताच्या मान्साला काढत नाय लगेच."

पगारे पुढे सरकले. "मॅडम, तुम्ही साक्षीला या. एवढंच म्हणा की माणसाचंही असंच होतं, हे सिद्ध झालेलं आहे."

"मी माणसांवर काही सिद्ध केलेलं नाही."

"पण होतंच ना तसं?"

"मला तसं वाटतं. बाहेर लोकांनी कामगारांवर अभ्यासही केलेत. पण माझी साक्ष म्हणजे मी जे मोजलं तेच. मी सरडे मोजलेत."

"तिथे कंपनीचा माणूस बेधडक काहीही बोलणार आणि आमची साक्षीदार सरड्यांवर अडून बसणार," पगारे वैतागले. "घरात पोरं आहेत त्याच्या."

त्यांचं चूक नव्हतं. दिलीपच म्हणाला, "राहू द्या पगारेभाऊ. सरड्याचं सांगितलं तरी चालंल. माझ्या बाजूनं बोलायला तिथं दुसरं हाय कोन?"

प्राचार्यांच्या कानावर घातलं. त्यांनी आठवण करून दिली की त्या कारखान्यानं आपल्या वाचनालयाला लोखंडी कपाटं दिली आहेत. मी म्हटलं, कपाटांविरुद्ध मी काही बोलणार नाही.

चौकशी कारखान्याच्या विश्रामगृहात होती. एसी, कापडी फुलं, काजूबिस्किटं. चौकशी अधिकारी एक वकील होते. कंपनीनं नेमलेले, कंपनीच्या गाडीतून आलेले आणि पूर्णपणे निष्पक्ष. कंपनीची बाजू सहस्रबुद्धे मांडत होते. मला त्यांनी ओळख दाखवली नाही. कोपऱ्यात एक टायपिस्ट होता. दिलीप धुतलेला पांढरा शर्ट घालून ताठ बसला होता, शेजारी पगारे.

मी थोडक्यात प्रयोग सांगितला. मग अधिकाऱ्यांनी विचारायला सुरुवात केली.

"आपण माणसांच्या डॉक्टर आहात?"

"नाही."

"आपण कामगारांवर कधी संशोधन केलं आहे?"

"नाही."

"मग कशावर केलं आहे, ते नोंदीसाठी पुन्हा सांगा."

"सरड्यांवर."

त्यांनी टायपिस्टला मजकूर सांगितला. टायपिस्ट थांबला. "सर, सरडा लिहू की सरडे?"

"सरडे," अधिकारी म्हणाले आणि सहस्रबुद्ध्यांकडे बघून जरा हसले. "बरं. आपल्या मते बागूल हे सरडा आहेत का?"

"नाही."

"म्हणजे आपलं संशोधन त्यांना लागू होत नाही."

"लागू होतं असं मी सिद्ध केलेलं नाही. होत नाही असंही कुणी इथे सिद्ध केलेलं नाही. मी सांगू शकते ते एवढंच, की दिवसा जगणाऱ्या एका प्राण्याची वेळ दर आठवड्याला फिरवली तर त्याच्या शरीराला सकाळ कुठली आणि रात्र कुठली ते कळेनासं होतं. तो उजेडात झोपतो. ठरवून झोपत नाही."

"आणि या सरड्यांनी काही तक्रार केली का?" त्यांना आता मजा यायला लागली होती.

"त्यांच्या वतीनं केली गेली."

"म्हणजे?"

"त्यांच्यासाठी समिती असते. मी सरड्यांची वेळ बदलायची परवानगी मागितली, तेव्हा समितीनं मला अटी घातल्या. ठरलेल्या फेऱ्यांपलीकडे वेळ बदलायची नाही. दर आठवड्याला तब्येत बघायची. जो खंगेल त्याला लगेच मोकळं करायचं." मी दिलीपकडे वळले. "तुम्ही बदलत्या पाळीत किती वर्षं आहात?"

"प्रश्न मी विचारायचे आहेत," अधिकारी म्हणाले.

पण दिलीपनं सांगून टाकलं होतं. "थोरली पोरगी झाली तवापासून. ती औंदा दहावीला हाय."

"सरड्याला इतके दिवस असं ठेवायची परवानगी मला मिळाली नसती," मी म्हटलं. "मी मागितलीही नसती. लाज वाटली असती."

टायपिस्टनं हे सगळं टाइप केलं. त्याला थांबायला कुणी सांगितलं नाही. मग सहस्रबुद्ध्यांनी बेल वाजवून चहा मागवला.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. साक्षीदार या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या तज्ज्ञ असल्यानं त्यांची साक्ष प्रस्तुत प्रकरणी गैरलागू. आरोप सिद्ध. नोकरीतून कमी करण्याची शिफारस. पगाऱ्यांनी मला फोन करून कळवलं आणि पुढे म्हणाले, "मी सांगितलं ते एक वाक्य तुम्ही बोलला असता तर." त्यांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मीही त्या वाक्यावर अजून विचार करते. ते मी बोलले असते तर काही फरक पडला असता असं मला वाटत नाही. पण मला वाटत नाही, हेही मी मोजलेलं नाही.

गंमत पुढे झाली. चौकशीत काय बोलणं झालं ते कारखान्यात पसरलं. बहुधा टायपिस्टकडून. प्रेस शॉपच्या भिंतीवर कुणीतरी खडूनं हेल्मेट घातलेला सरडा काढला. पाळी बदलताना लोक एकमेकांना "काय सरडोबा, उजाडलं का?" असं विचारायला लागले. आणि मग युनियननं व्यवस्थापनाला एक रीतसर अर्ज दिला. त्यात पगारवाढ मागितली नव्हती, बोनस मागितला नव्हता. मागणी एकच होती, 'आम्हा सर्व कामगारांना सरड्यांचे नियम लागू करावेत.' खाली झाडून सगळ्यांच्या सह्या.

हा अर्ज स्थानिक वर्तमानपत्रात छापून आला. या वेळी सरडा हा शब्द मथळ्यात होता. नेमकी त्याच सुमाराला परदेशी गिऱ्हाइकांची मंडळी कारखाना पाहायला येणार होती, आणि भिंतीवरचा सरडा पुसला की दुसऱ्या दिवशी दुसऱ्या भिंतीवर उगवत होता. व्यवस्थापनानं मग शास्त्रीय मार्ग पत्करला. मुंबईहून सल्लागार बोलावला. त्यानं जाडजूड अहवाल दिला, की पाळ्या दर आठवड्याला बदलणं उत्पादनाला घातक आहे, त्या सावकाश बदलाव्यात, आणि रात्रपाळीनंतर सलग सुट्टी द्यावी. ते अमलात आलं.

सहस्रबुद्धे मला एका लग्नात भेटले तेव्हा मोकळेपणानं म्हणाले, "तुमचं म्हणणं चूक नव्हतं हो मॅडम. पण त्यांच्या अहवालाला आधार होता. त्यांनी उंदरांवरचे दाखले दिले होते."

मी त्यांचं अभिनंदन केलं. सरड्यावरून उंदरापर्यंत म्हणजे कामगारांना चांगलीच बढती मिळाली होती.

दिलीपला 'मानवतेच्या दृष्टिकोनातून' परत घेतलं. प्रेस शॉपमध्ये नाही, स्टोअरमध्ये, कायम दिवसपाळी. एक वेतनवाढ रोखली आणि लेखी माफी मागायला लावली. माफी कशाची, असं मी पगाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "मशीन बंद केल्याची." माझ्या सगळ्या नोकरीत मला इतकी चीड कधी आली नव्हती. दिलीपनं मात्र माफी लिहून दिली आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. त्याच्या घरात पोरं होती, माझ्या घरात तत्त्व होतं.

त्यानंतर एका रविवारी तो बायकोला घेऊन नाशिक रोडला आमच्या घरी आला. गावाकडच्या कांद्यांची पिशवी आणली होती. बायकोचं नाव मंगल. दिलीप स्टोअरमधल्या कामाबद्दल सांगत होता, कंटाळवाणं हाय पन बरं हाय, म्हणत होता. अंगानं जरा भरला होता. डोळ्यांतली लाली गेली होती, हे मी सवयीनं पाहून घेतलं.

मी मंगलला विचारलं, "घरी काही फरक वाटतो का?"

ती नवऱ्याकडे बघून हसली. "मॅडम, आमच्या दोनच खोल्या. हे रातपाळी करून आले की दिवसभर पडायचे. झोप लागायची नाय, पन लागंल म्हणून आम्ही समदे गप. पोरांना मी जिन्यात बसवून अभ्यास करायला लावायचे. दाराची कडी कापडानं बांधलेली. कुकरची शिट्टी व्हायला आली की मी गॅस बंद करायचे. पाळी कुठलीबी असो, घरी बसवलं तवाबी, तीच सवय. भात कायम कच्चा. धाकट्याला वाटायचं, भात असाच असतो."

"आणि आता?"

"ह्यांना दिवसपाळी लागली, त्या पयल्या सांजेला हे कामावरनं आले, हातपाय धुतले, पोरांबरोबर बसले. मी कुकर लावला. शिट्टी झाली तशी पोरं दचकून माझ्याकडं बघायला लागली. मी उठलेच नाय. एक झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. होऊ दिल्या. भाताचा पार गोळा झाला."

दिलीप खाली बघून हसत होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," मंगल म्हणाली. "धाकटा दोनदा मागून जेवला. म्हणला, आई, आज कोनाच्या घरचा भात हाय?"